फिरत्या घराचा गवाह

नागपूर सोडलं तेव्हा बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर माझी प्लास्टिकची बादली बसली होती. मी तिच्यासाठी मुद्दाम जागा धरली नव्हती. पिशवीत ती मावेना आणि शेजारी कुणी आलं नाही, म्हणून ती बसली. बादलीत एक टॉर्च, एक छोटा आरसा, एक लोहचुंबक आणि जुनी चादर होती. पांढरकवड्याच्या अलीकडे पुढच्या सीटवरच्या आजोबांना राहवलं नाही. वळून म्हणाले, "बादली घेऊन कुठं?"

"गाडी बघायला," मी म्हणालो. ते पुन्हा वळले नाहीत.

मी जुनी कॅम्पर व्हॅन विकत घ्यायला निघालो होतो. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर. आत झोपायला पलंग, चहापुरती शेगडी, पाण्याची टाकी, एक दिवा, एक पंखा. रस्ता संपेल तिथे उभी करायची आणि दार लावून घ्यायचं. माझ्यासारख्या माणसाने असलं खूळ डोक्यात का घ्यावं, हे आमच्या इमारतीत सगळ्यांनी आपापल्या परीने ठरवून टाकलं आहे. मी वीज खात्यात मीटर तपासनीस होतो. लग्न केलं नाही. आई होती तोवर संध्याकाळच्या तिच्या औषधाच्या वेळेला परत येता येईल एवढ्याच गावांना गेलो. आई गेली आणि दोन खोल्यांचा फ्लॅट एकाएकी मोठा झाला. संध्याकाळी तो इतका मोठा होतो की मी स्वयंपाकघरातला दिवा सुरू ठेवून बाहेरच्या खोलीत बसतो. म्हणून ठरवलं की घरच लहान करायचं आणि त्याला चाकं लावायची. ही गाडी जमली तर निघायचं. नाही जमली तर पुन्हा तीच खिडकी आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे.

पैनगंगा आली. जानेवारीतली नदी पात्राच्या एका कडेने चालली होती, बाकी सगळी वाळू. पुलाच्या अलीकडे मी चांगला शिकलेला माणूस होतो, पलीकडे गेल्यागेल्या निरक्षर झालो. दुकानांवर, शाळांवर, दगडांवर सगळीकडे तेलुगू. शेतं मात्र तीच. वेचून झालेला कापूस, पऱ्हाटीच्या काड्या, मधेच हिरवा हरभरा. शेतात पाट्या नसतात हे बरं आहे.

आदिलाबादच्या बसस्थानकावर जैनथच्या गाडीत चढलो. इथे तेलंगणात बायकांना तिकीट लागत नाही, त्यामुळे बस बायकांनी भरलेली होती आणि सगळ्या माहेरी निघाल्यासारख्या मोकळ्या बोलत होत्या. कंडक्टर माझ्यापाशी आला. आधी बादलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ओक्करेना?" (एकटेच का?)

मला तेलुगू येत नाही, पण हा प्रश्न कोणत्याही भाषेत कळतो. मान हलवली. त्याने एक तिकीट फाडलं.

फाट्यावर उतरलो तर समोर तीच गाडी उभी. फोटोत बघितलेली, पांढरी, कमरेला निळा पट्टा. गाडीपाशी दोन माणसं होती. मफलर गुंडाळलेले, जाड चष्म्याचे उंच गृहस्थ म्हणजे गाडीचे मालक, निवृत्त मराठी शिक्षक गौतमसर. दुसरे ठेंगणे, हसऱ्या तोंडाचे विठ्ठलराव, त्यांच्या शेजारचे किराणा दुकानदार. सरांच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून गाडी विठ्ठलराव चालवत घेऊन आले होते.

"जय भीम. या, बसा," सर म्हणाले. "लय गारठा हाये. चाय घरी पिऊ."

मी बसलो नाही. बॉनेटवर हात ठेवला. तापलेलं होतं. झालं, पहिल्याच घासाला खडा. जुनी गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधी बजावून सांगायचं असतं की इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन एका झटक्यात सुरू होतं का, सायलेन्सरमधून पहिला धूर निळा येतो की काळा, हे कळलं की अर्धी परीक्षा होते. तापवून ठेवलेली गाडी कोणतीही पास होते. मी हे सरांना फोनवर दोनदा सांगितलं होतं. माझा आवाज चढला.

"सर, मी म्हणालो होतो ना, गाडी थंड पाहिजे?"

सर गोंधळून विठ्ठलरावांकडे बघू लागले. विठ्ठलराव म्हणाले, "अवो, तुमी बसमधून काकडून येनार. मंग थंड गाडी घेऊन कसं याचं? पाव्हना बसन तं त्याले ऊब लागली पायजे मनून आमी घंटाभर चालू ठेवली."

मी चाळीस वर्षं लोकांनी फसवायला फिरवलेले मीटर बघितले, पण पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून कुणी इंजिन फिरवलेलं बघितलं नव्हतं. तरी मनात म्हटलं, सावध राहायचं. लोक चांगले असले म्हणजे गाडी चांगली असते असं नाही.

घर गावाच्या कडेला, दोन खोल्या आणि पुढे मोठं अंगण. सरांच्या पत्नी रत्नाताई चहा घेऊन आल्या. त्या तहसील कचेरीत नोकरीला आहेत. रविवार होता म्हणून घरी होत्या. बोलणं कमी, पण बघणं बारीक. माझी बादली त्यांनी अंगणात नीट ओट्यावर ठेवली, जणू मी भेट आणली होती.

गाडी आधी शाळेची मुलं नेणारी होती. दोघांनी ती घेतली, आदिलाबादच्या सुताराकडून आत दोन पलंग, ओटा, कपाट करून घेतलं आणि त्यातून सांची, बोधगया करून आले. एकच मोठा प्रवास. नंतर सरांचे डोळे अधू झाले आणि गाडी अंगणात उभी राहिली. रत्नाताईंना चालवता येत नाही.

इंजिन थंड व्हायला वेळ होता, म्हणून मी बाकीचं तपासायला घेतलं. चादर अंथरून गाडीखाली शिरलो. वाचकांपैकी कुणाला असलं खूळ लागलंच तर सांगून ठेवतो, नवा रंग बघून भुलू नका, आधी खाली जा. चासीच्या लांब पट्ट्यांवर टॉर्च मारा. लालसर धूळ निघाली तर हरकत नाही, पण बोटाने दाबल्यावर पापुद्रा सुटला तर तसेच उठा आणि चहा न पिता घरी जा. मग चुंबक पत्र्यावरून फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा गेलेला असतो आणि लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला असतो. इथे चुंबक मागच्या डाव्या कोपऱ्यात तेवढं घसरलं.

"तिथं म्हशीनं शिंग मारलं होतं," सर म्हणाले.

टायरच्या कडेवर कोणत्या आठवड्यात, कोणत्या वर्षी बनला ते लिहिलेलं असतं. नक्षी कितीही खोल असली तरी म्हातारं रबर ते म्हातारंच. ते वाचलं. इंजिनावरचा आणि चासीवरचा नंबर आरशात बघून कागदाशी पडताळला. कागदावर गाडीचा प्रकार बदलून घेतलेला आहे का, हेही बघावं लागतं. कागदावर शाळेची बस आणि आत पलंग असला, तर पुलापलीकडचा पहिला पोलीस त्याच पलंगावर बसून चहा मागेल. इथे बदल नोंदवलेला होता. कचेरीतली बाई घरात असण्याचा फायदा.

मग आत शिरून सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि नुसता श्वास घेतला. ओल डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळते. लाकडाचा, जुन्या गाद्यांचा आणि थोडा उदबत्तीचा वास आला. शेवटी बादली भरून घेतली आणि शिडीवरून टपावर, पंख्याच्या भोवती सावकाश ओतली. आत येऊन छताला हात लावला. कोरडं होतं. मी खूश झालो, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"हा दुसरा पलंग काढता येईल का?" मी विचारलं. "मला एकच पुरतो."

रत्नाताई दारात उभ्या होत्या. "काऊन काढता? राहू द्या ना."

"जागा होईल."

"जागा करून काय कराचं हाये तुमाले?" त्यांनी विचारलं. मी रिकामी बादली परत ओट्यावर नेऊन ठेवली.

तोवर इंजिन निवलं होतं. किल्ली फिरवली. दुसऱ्या झटक्याला सुरू झालं आणि धूर पांढरा, थंडीतला. सरांनी टाळी वाजवली. मी म्हणालो, सपाट रस्त्यावर सगळ्या गाड्या गुणाच्या, चढ पाहिजे. सर म्हणाले, "मंग इंद्रवेल्लीकडं जाऊ." आणि मफलर घट्ट करून शेजारी बसले. त्या दोन-तीन तासांसाठी ते इतके आनंदले होते की गाडी विकायला काढल्याचं विसरले असावेत.

गुडीहतनूर सोडल्यावर रस्ता जंगलात शिरतो. साग, मधेच पळस, पानं धुळीने भरलेली. चढ लागला आणि मी कान इंजिनाकडे लावले. गाडीने गिअर बदलताना एकदा खाकरल्यासारखं केलं आणि निमूट चढली. सरांना समोरचं दिसत नव्हतं, पण वळणं सगळी पाठ. "आता उजवीकडं. आता एक गोंडांचं गाव येईन. आता उतार." इंद्रवेल्लीच्या स्तंभाजवळ मला गाडी हळू करायला सांगितली. तिथे पोलिसांच्या गोळीबारात गेलेल्या आदिवासींचं ते स्मारक आहे. सरांनी मफलर डोक्यावरून काढला, हात जोडले आणि पुढे नेण्याची खूण केली.

तिथल्या एका टपरीवर सर्वपिंडी (तांदळाच्या पिठाचं, शेंगदाणे घालून कढईत थापलेलं खरपूस थालीपीठ) खाल्लं. टपरीवाली बाई तेलुगूत काहीतरी म्हणाली आणि सर हसले.

"काय म्हणाली?"

"मन्ते, मास्तरीनबाई कुठं हायेत? आमी दोघं येत होतो ना इथं. मी मनलं, आज ह्यायले घेऊन आलो."

सर खाऊन झाल्यावरही बाकावर बसून राहिले. मला वाटलं आपण निघावं, मग वाटलं नको. या माणसाकडून मी गाडी नेणार, म्हणजे या टपरीपर्यंतचा त्याचा रस्ताच नेणार. आणि मी तरी ती घेऊन कुठे जाणार? कुठल्याशा तळ्याकाठी उभी करणार, चहा करणार आणि एकटाच पिणार. तरी ती मला हवीच होती. परत येताना स्टिअरिंग हातात बसलं होतं आणि मी ठरवलं होतं की घ्यायची.

जैनथला पोचलो तर जेवण तयार. ज्वारीची भाकर, पुंटिकूर (अंबाडी) घातलेलं वरण, मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. आई गेल्यापासून कुणी मला "अजून एक घ्या" म्हणालं नव्हतं. मी अजून एक घेतली, मग अजून एक. हात धुतले आणि म्हणालो, "सर, गाडी मला पसंत आहे."

किंमत आधीच बोलून झाली होती, त्यावर घासाघीस नव्हती. मला वाटलं आता कागद निघतील. सर मात्र म्हणाले, "तुमचा गवाह कोन?"

गवाह म्हणजे साक्षीदार. मी म्हणालो, "कागदावर सही करायला? ते आरटीओत बघू."

"कागदाचा नाई. घरचा."

मग विठ्ठलरावांनी समजावून सांगितलं. त्यांच्या या पट्ट्यात घरातून ढोर जावो की गाडी, दोन्ही बाजूंचा एकेक गवाह बसतो. ऐब (खोड, दोष) काय आहेत ते घेणारा विचारत नाही, त्याचा गवाह विचारतो. "काऊन का, ज्याच्या घरी जेवलो त्याच्या गाडीत खोट काढाले जीभ रेटत नाई मानसाची. मनून दुसरा पायजे. उद्या भांडन झालं तं ते दोन गवाह निपटवतात. सरचा गवाह मी हाव. तुमचा कोन?"

खरं तर जीभ रेटत नाही हे माझ्या बाबतीत घडलंच होतं. चढावर गिअरने खाकरलेलं मी तीन भाकरी खाल्ल्यानंतर विसरूनच गेलो होतो. तरी मला राग आला. मी सगळं तपासलं आहे, पैसे आणले आहेत, मग हे काय मधेच?

"माझ्या बाजूने मीच," मी म्हणालो.

"तसं नाई होत," सर शांतपणे म्हणाले. "घाई नाई. उद्या या, परवा या. कोनी बी आपलं मानूस घेऊन या. बिगर गवाहाची गाडी या अंगनातून मी सोडनार नाई. माझ्या बापानं बैल सोडला नाई तसा."

मी अंगणात येऊन फोन काढला. पुण्याला पुतण्या आहे, निखिल. मुलगा चांगला आहे, दिवाळीला मेसेज पाठवतो. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, व्हिडिओ कॉलवर नाही का चालणार?"

आतून सरांचा आवाज आला, "व्हिडिओवर जेवन होते काय?"

निखिलने मीटिंग आहे म्हणून नंतर फोन करतो सांगितलं. खात्यातले एक जुने मित्र होते, त्यांच्या मुलीने फोन उचलला, बाबांना आता फारसं ओळखू येत नाही म्हणाली. मग मी फोनमधली नावं वर-खाली केली. गॅसवाला. औषधांचं दुकान. आईचे डॉक्टर. नळ दुरुस्तीवाला. इमारतीचा सेक्रेटरी. एवढ्या नावांत एक माणूस नव्हता ज्याला मी म्हणू शकलो असतो, ये, माझ्या बाजूने बस. आजवर कधी कुणाला लागलंच नव्हतं, त्यामुळे कळलंही नव्हतं. मला त्या अंगणात उभं राहून लाज वाटली, आणि लाज वाटावी असं मी काही केलं नव्हतं, हे आणखी वाईट.

चालत देवळापर्यंत गेलो. जैनथचं देऊळ काळ्या दगडाचं, जुनं, बारीक कोरलेलं. दुपार कलली होती. एक जोडपं आपसात भांडत प्रदक्षिणा घालत होतं, आणि मी त्यांच्याकडे हेव्याने बघत पायरीवर बसलो. मग ठरवलं की आता नागपूर. बसायला खिडकी आहे, चाकं नसली म्हणून काय झालं. फक्त बादली सरांच्या ओट्यावर राहिली होती. आता ती तरी कशाला सोडा, म्हणून परत गेलो.

ओसरीवर सर आणि विठ्ठलराव सतरंजीच्या एका बाजूला बसले होते, रत्नाताई त्यांच्या शेजारी. समोरची बाजू रिकामी. मी उभ्यानेच म्हणालो, "सर, माझं कुणी येणार नाही. राहू द्या. गाडी तुमची उत्तम आहे, दुसरं गिऱ्हाईक मिळेल." आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

विठ्ठलराव सतरंजीची दशी ओढत राहिले. मग रत्नाताई उठल्या. मला वाटलं चहाला उठल्या. त्या सतरंजीच्या रिकाम्या बाजूला येऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "बसा."

मी बसलो.

"मी ह्यायच्या बाजूची गवाह," त्या सरांना म्हणाल्या. "इचारते आता."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अवं, तू माई बायको हायेस का त्यायची बहीन?"

"सौदा होईपर्यंत त्यायची." त्यांनी पदर खोचला. कचेरीत समोरच्या माणसाला खुर्चीतून उठवताना त्यांचा आवाज असाच होत असणार. "पयले सांगा, छत गळते का नाई?"

"कुठं गळते? त्यायनं बकिटभर पानी वतून पाह्यलं आताच."

"गाडी सपाट उभी होती तवा. उतारावर उभी केली, तोंड खाली, तं पंख्याच्या मांगून गळते. सांचीले माझी उशी भिजली. तुमी काय मनले होते? दव पडलं मनले. गाडीच्या आत दव!"

विठ्ठलराव जोरात हसले आणि आपण कोणाच्या बाजूचे ते आठवून गप्प झाले.

"दुसरी बॅटरी?" रत्नाताई पुढे.

"चांगली हाये," सर म्हणाले.

"पंखा पहाटेपर्यंत चालते काय?"

"...नाई चालत."

"मांगचं दार?"

"त्याले काय झालं?"

"खड्ड्यात गेली का उघडते. बोधगयेपासून घरापर्यंत माझ्या ओढनीनं बांधून आनलं. अन दुसरा गिअर?"

सर माझ्याकडे बघून केविलवाणे म्हणाले, "पाहा, आता माझ्या बाजूनं कोनीच नाई राह्यलं." विठ्ठलराव म्हणाले, "मी हाव ना, पर मले काई माहीतच नाई."

मीसुद्धा हसलो. तासाभरापूर्वी ज्या जागेवर बसवायला मला जगात माणूस सापडला नव्हता, तिथे एक बाई बसून माझ्यासाठी स्वतःच्या नवऱ्याशी भांडत होती. मी टॉर्च, चुंबक, बादली घेऊन सकाळभर शोधलं त्यातलं एकही तिने विचारलं नाही. तिने विचारलं ते त्या गाडीत राहिलेल्या माणसालाच माहीत असतं. म्हणून जुनी गाडी घेताना काय बघावं असं मला कुणी विचारलं तर मी आता सांगतो, गाडीखाली जा, टायर वाचा, वास घ्या, सगळं करा, पण घरातलं दुसरं माणूस काय म्हणतं ते ऐकल्याशिवाय उठू नका.

दार बदलून आणि गिअर नीट करून सरांनी द्यायचं ठरलं, बॅटरी मी घ्यायची. छताचं रत्नाताई म्हणाल्या, "ते रायतेच तसं. उतारावर उभी नका करू." मग दोन्ही गवाहांनी एकमेकांच्या तोंडात गूळ घातला. विठ्ठलरावांना तो रत्नाताईंनी जरा जास्तच मोठा घातला.

रात्री तिथेच राहिलो, सकाळी विठ्ठलरावांच्या ओळखीच्या मेकॅनिककडून दार बसवून घेतलं, गिअर नीट करून घेतला आणि निघालो. निघताना रत्नाताई खिडकीशी आल्या. "वर्सभर गाडीले काई झालं तं फोन मले कराचा, सरले नाई. गवाहाचं कामच ते हाये." सर गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत, म्हशीच्या शिंगाच्या जागेपर्यंत गेले आणि तिथे थांबले. आरशात ते दोघं लहान होत गेले. मी पुलापर्यंत रेडिओ लावला नाही.

पैनगंगा ओलांडली आणि पाट्या पुन्हा वाचता येऊ लागल्या. ढाबा, पंक्चर, कापूस खरेदी. सगळं वाचता येत होतं आणि त्यातलं काहीच माझ्याशी बोलत नव्हतं. नागपुरात इमारतीच्या आवारात गाडी लावली. सेक्रेटरी आले, इथे जागा अडते म्हणाले. मी कोपऱ्यात सरकवली. वर गेलो, कुलूप उघडलं, स्वयंपाकघरातला दिवा लावला.

त्यानंतर मी रामटेकला जाऊन आलो, उमरेडच्या जंगलाच्या कडेला जाऊन आलो. तळ्याकाठी गाडी लावली, चहा केला, दुसऱ्या पलंगावर पुस्तक ठेवलं. संध्याकाळ झाली की आईच्या औषधाची वेळ झाल्यासारखं वाटतं आणि मी परत येतो. अजून एकही रात्र बाहेर काढलेली नाही. घराला चाकं लावली की एकटेपण मागे राहील अशी माझी समजूत होती. ते मागे राहत नाही, शेजारच्या सीटवर बसून येतं. गाडी मात्र गुणी निघाली. खड्ड्यात दार उघडत नाही, गिअर खाकरत नाही. रोज सकाळी मी खाली जाऊन बॉनेट उघडतो, टायर दाबून बघतो, आणि खरं सांगायचं तर काहीतरी बिघडलेलं सापडेल या आशेने बघतो. नाहीतर फोन कशासाठी करायचा?

मार्च लागला, ऊन तापायला लागलं. परवा संध्याकाळी राहवलं नाही. गाडीत बसूनच फोन लावला.

"रत्नाताई, छत गळतंय."

"गळते?" त्या थबकल्या. "पानी आलं काय तिकडं?"

मी काचेतून वर बघितलं. आभाळ कोरडं ठक्क.

"नाही," मी म्हणालो.

"मंग?"

आई सोडली तर पुढचं वाक्य मी मोठ्याने कधी कुणापाशी उच्चारलं नव्हतं. "ताई, गाडी ठीक आहे. मला करमत नाही."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग त्या म्हणाल्या, "ते मले त्याच दिवशी दिसलं होतं. गाडीचे सगळे ऐब तुमाले सांगतले, तुमचा ऐब सरले नाई सांगतला. मी तुमच्या बाजूची होती ना."

आणि जेवलात का, म्हणून विचारलं.